बुजवलेली चार भोकं

राजीवड्याच्या हारुन होडेकरांना कुठलीही गोष्ट एकदा सांगितली की कळायची. निदान ते स्वतः तसं म्हणायचे. समोरचा माणूस वाक्याच्या अर्ध्यात असतानाच त्यांची मान हलू लागे आणि "कळला, कळला" असं तोंडातून बाहेर पडे. लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला हे चालूनही जातं. ट्रॉलरवाला तुटका शाफ्ट खांद्यावरून खाली टाकतो तेव्हा त्याला बोलायला सवड नसते. तुकडा बघून काय ते समजायचं असतं. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये हारुनभाईंनी वीस-बावीस वर्षं असंच काम केलं. त्याआधी सहा वर्षं ते मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होते. तिथला साहेब कुठल्या मुलखाचं इंग्रजी ओरडायचा देव जाणे, पण हे "यस सर" म्हणून नेमका हवा तोच नट आवळायचे. या सगळ्यात खोट एकच होती. जे कळलं नाही, तेही त्यांना कळायचं.

आणि नशिबाची गंमत बघा, अशा माणसाच्या पोटी इरम जन्मली, जिचं शिक्षण दर वर्षाला एक पायरी अधिक अवघड होत गेलं.

अठ्ठ्याण्णव साली ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि पुण्याला गेली. जाण्याआधी पडवीत बसून तिनं अब्बांना सांगितलं की धातूच्या आत अणू कसे रांगेत बसलेले असतात. अब्बा म्हणाले, "कळला." दोन हजार एकमध्ये ती डॉक्टरेटसाठी जर्मनीला निघाली. तेव्हा तिनं सांगितलं की तिथं एक क्रिकेटच्या मैदानाएवढं गोल यंत्र आहे, त्यातून एक्स-रेचे चमकारे निघतात, आणि ते इतका थोडा वेळ टिकतात की बस. एका सेकंदाचे लाख तुकडे करायचे, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा लाख, आणि त्यातल्या एकाचे आणखी लाख. तेवढ्या वेळात पदार्थाच्या आत काय हललं ते बघायचं. अब्बांची मान पहिल्याच लाखाला हलायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्यांनी प्रामाणिकपणे विचार करून बघितला. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांना ठाऊक होता. तो त्यांच्या बोटांना लागायचा. पण लाखाचा लाखावा म्हणताना त्यांचं डोकं गरगरलं आणि त्यांनी लेथ चालू केला.

लोक मात्र विचारायचे. शेजारच्या शेडमध्ये जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार भरून देणारे रावजी तर आठवड्यातून एकदा विचारायचेच.

"हारुनभाय, पोरगी काय शिकते म्हणालात?"

"एक्स-रे."

"हाडांचा?"

"नाय वो. मालाचा."

"मालाचा म्हणजे?"

"मटेरियलचा. लोखंड, तांबा, असा सगळा."

"लोखंडाला काय दुखतंय?"

यावर हारुनभाई चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणायचे, "लई खोल हाय ता. तुमाला नाय कळायचा." रावजी मुकाट्यानं मान डोलवायचे. असे दोघं जण, दोघांनाही काही न कळलेलं, पुढच्या कामाला लागायचे. शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीबाहेर कुणी विचारलं तर हारुनभाई दुसरंच काही सांगत, आणि हर्णैच्या मेहुण्याला तिसरंच. पोरीचा अभिमान छातीत मावत नव्हता आणि तो नेमका कशाचा ते सांगता येत नव्हतं. ही मोठी अडचणीची जागा असते. याचं त्यांना आतून फार वाईट वाटायचं. पण पोरीला विचारायचं म्हणजे इतक्या वर्षांचं "कळला" परत घ्यायचं. ते त्यांच्याच्यानं होईना.

दोन हजार चार साली रमजान ईदला इरम तीन आठवडे घरी आली. सुरय्याबींनी, म्हणजे तिच्या आईनं, बॅग उघडली तर लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेले स्टीलचे दोन ठोकळे निघाले.

"ह्या काय आणलास? तिकडं मिठाई मिळत नाय?"

इरम हसली आणि ठोकळे घेऊन पडवीत अब्बांकडे गेली. तिला एक गोष्ट करून हवी होती. येत्या फेब्रुवारीत तिच्या चमूला त्या गोल यंत्रावर पाळी मिळाली होती, पाच दिवसांची. जगभरचे लोक त्या पाळीसाठी अर्ज करून बसतात. एकदा गेली की पुढची मिळेपर्यंत आठ-दहा महिने जातात. तिचा सगळा प्रबंध या पाच दिवसांवर उभा होता. एका धातूच्या ऑक्साइडचा पापुद्र्यासारखा पातळ थर तपासायचा होता. तो थर ज्याच्यावर बसवायचा तो धारक तिला हवा होता, आगपेटीएवढा, आणि विद्यापीठाच्या वर्कशॉपनं जानेवारी अखेरचा वायदा दिला होता.

"तुम्ही कराल, अब्बा? शंभरावा भाग इकडेतिकडे चालणार नाही."

हारुनभाईंनी ठोकळा हातात घेऊन वजन बघितलं. लेक इतकी वर्षं बोलत होती ती भाषा त्यांच्या हाताला एकदाची कळेल असं काहीतरी समोर आलं होतं. त्यांना रडूच यायचं बाकी होतं, पण ते म्हणाले, "बघतंव."

मग इरमनं ड्रॉइंग उलगडलं. ठोकळ्यात आट्यांची चार भोकं, आरपार न जाणारी, स्क्रू बसायला. आणि प्रत्येक भोकाच्या बुडाशी बाजूनं येऊन मिळणारं एक सुईएवढं बारीक भोक. ती समजावू लागली. हा धारक एका बंद पिंपात बसणार, पिंपातली हवा पंपानं पार काढून टाकायची, कारण हवा असली तर या जातीचा एक्स-रे वाटेतच मरतो. अब्बांची मान हलायला लागली. ती हलतेय म्हणून इरमनं पुढचं आवरतं घेतलं.

"मग ही बारीक भोकं कशासाठी ते आलं ना लक्षात?"

"कळला, कळला."

आठ दिवस हारुनभाईंनी दुसरं काम घेतलं नाही. एक ट्रॉलरवाला दोनदा येऊन चिडून गेला. हात धुऊन, नवं हत्यार लावून, एक एक माप तीन तीनदा घेऊन त्यांनी तो धारक कातला. आटे असे पाडले की स्क्रू बोटानं नुसता टेकवला की आपसूक आत जावा. ती चार बारीक भोकंसुद्धा पाडली. इरमनं त्यासाठी केसासारखी ड्रिलं आणली होती, त्यातली दोन मोडली. काम झालं. त्यांनी ठोकळा दारातल्या उजेडात धरला आणि तिथं घात झाला.

ती चार भोकं त्यांना बघवेनात. हा माणूस राजीवड्याचा, बापजाद्यांपासून होड्यांच्या सोबतीनं वाढलेला. आयुष्यभर शाफ्टच्या तोंडाशी पाणी येऊ नये एवढ्याचसाठी त्याच्याभोवतीचे बुश कातलेले. त्यांच्या जगात भोकाची दोनच कामं होती: एक, काहीतरी आत बसवायला, आणि दुसरं, बुडवायला. या चार भोकांत तर काहीच बसत नव्हतं. पोरगी म्हणाली होती की पिंपात हवा अजिबात नको. आणि चित्रात हवेला ही चार दारं! कॉम्प्युटरवर काढताना राहून गेली असतील. किंवा जर्मन लोकांना कातण्यापुरती लागत असतील, नंतर बुजवत असतील. तिनं सांगितलं होतं खरं काहीतरी. काय बरं सांगितलं होतं? मान हलत होती एवढंच आठवत होतं.

घर चार किलोमीटरवर. पोरगी घरात. स्कूटर दारात. जाऊन विचारलं असतं तर वीस मिनिटांचं काम. पण मग ती म्हणाली असती, अब्बा, त्या दिवशी तर कळलं म्हणालात. हारुनभाईंनी स्कूटरकडे बघितलं आणि उरलेल्या ठोकळ्यातून चार बारीक खिळे कातायला घेतले. ते चार भोकांत ठोकले, वरून कानस मारली, पॉलिश केलं. नख फिरवून बघितलं तर त्यांचं त्यांनाही भोक कुठं होतं ते सापडेना. असं सुरेख काम त्यांच्या हातून क्वचितच झालं असेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; इथं बैल नुसता रिकामा राहिला नाही, तो जर्मनीला गेला.

हायवेवर हातखंब्याला मुंबईची गाडी गाठायच्या घाईत इरमनं ठोकळा हातावर घेतला, बघितला, अब्बांच्या गळ्यात पडली आणि तो बॅगेत टाकला.

फेब्रुवारीतल्या बुधवारी सकाळी साडेदहाला घरचा फोन वाजला. इरमचा फोन रविवारी यायचा. त्यामुळे सुरय्याबींनी रिसीव्हर उचलतानाच अल्लाचं नाव घेतलं. पोरगी बरी होती, पण तिला अब्बांशी बोलायचं होतं. हारुनभाई शेडला निघायचे होते. त्यांनी फोन घेतला.

"अब्बा, काही नाही, उगीच फोन केला. दोन दिवस झोप नाही. पाळी सोमवारी सुरू झाली, शनिवारी सकाळी संपते, आणि आम्ही अजून सुरुवातच केलेली नाही."

"का गो?"

"पिंपातली हवा जातच नाही. थोडी कमी होते आणि तिथंच थांबते. ती एका पातळीखाली आल्याशिवाय यंत्राचा दरवाजा उघडत नाही. कुठूनतरी गळतंय म्हणून आम्ही सगळे जोड तपासले. बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियम वायू मारून बघितला, गळत असता तर तो आत सापडला असता. कुठेही भोक नाही, अब्बा. एकही भोक नाही आणि हवा येतेय. कुणालाच काही कळत नाही."

"हां, हां, कळला," हारुनभाई म्हणाले. फोन ठेवला तेव्हा त्यांना काहीही कळलं नव्हतं. पण ते चार खिळे डोळ्यांपुढून हलेनात.

एकही भोक नाही. ते तर खरंच होतं, असलेली चारसुद्धा त्यांनी बुजवली होती. मग गळायचा प्रश्न कुठं आला? उलट ती उघडी असती तर गळलं असतं. त्यांनी स्वतःला तीन-चारदा असं समजावलं आणि दर वेळी शेवटी तेच खिळे. चोराच्या मनात चांदणं. शेडमध्ये एका बुशाचं भोक त्यांनी दोन मिलिमीटर जास्त मोठं कातलं आणि तो बुश भंगारात टाकला. मग ते रावजींकडे गेले आणि ताकाला जाऊन भांडं लपवू लागले.

"रावजी, एक सांगा. भोक बुजवला की गळायचा थांबता ना?"

"थांबायलाच पायजे."

"आनि नाय थांबला तर?"

"तर बुजवणाऱ्यानं नीट बुजवलान नाय."

"नीटच बुजवलान हाय."

"मग गळत नाय," रावजी म्हणाले आणि तार गुंडाळत राहिले. हिशेब चोख होता आणि हारुनभाईंचा गुंता तसाच राहिला.

दुपारी जेवायला घरी जाताना ते खाडीच्या बाजूनं गेले. एक होडी बूड खरवडायला किनाऱ्यावर ओढून ठेवली होती, लाकडी टेकू लावून. तिसरा दिवस असेल. भोवती कोरडी वाळू, वर ऊन, पाणी वीस पावलं लांब. आणि होडीच्या एका फळीतून, जिथं पूर्वी कधीतरी भोक डांबरानं बुजवलेलं होतं, तिथून थेंब पडत होता. थोडं थांबून आणखी एक. हारुनभाई थबकले. हे त्यांनी लहानपणापासून हजार वेळा बघितलं होतं आणि कधी त्यावर विचार केला नव्हता. होडी बाहेर काढली तरी चार दिवस गळतच असते. बाहेर पाणी नसताना. ते बाहेरून येत नाही. बुजवलेल्या जागेमागे जे अडकून बसलेलं असतं, ते वाट शोधत शोधत निघतं.

ते वाळूत उकिडवे बसले. आट्यांचं भोक आरपार नाही. त्यात स्क्रू बसला की खाली बुडाशी थोडी हवा कोंडणार. तिला निघायला ते बारीक भोक, बाजूचं. आणि ते आपण... पण लगेच दुसरं मन म्हणालं, एवढीशी हवा, मुंगीच्या पोटाएवढी, ती काय मैदानाएवढ्या यंत्राला अडवणार आहे? आणि समजा कारण भलतंच निघालं, तर आपण उगीच कबूल करून बसणार की बापानं पोरीच्या ड्रॉइंगमध्ये हात घातला. आणि कारण हेच असलं तर? ते तर त्याहून वाईट. खात्री कशाचीच नव्हती. जेवण गेलं नाही.

"काय झाला?" सुरय्याबींनी विचारलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सुरय्याबींना ठोकळा-भोकांतलं काही समजत नव्हतं आणि समजतं असं त्या कधी म्हणतही नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरीनं विचारलान तेव्हा तोंडात काय गुळणी धरलेली?"

"मना वाटला..."

"तुमाला काय वाटला ता तिला सांगा. तिचा वेळ चाललाय."

इरमनं डायरीत प्रयोगशाळेचा नंबर लिहून ठेवला होता. घरच्या फोनवरून परदेशी लागत नसे, म्हणून हारुनभाई बसस्टँडजवळच्या बूथवर गेले. पलीकडे एक पुरुष जर्मन बोलला. बोटीवरचं इंग्रजी इतक्या वर्षांनी कामाला आलं: "इरम होडेकर. फादर स्पीकिंग. इंडिया. अर्जंट." पलीकडून रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, पावलं, पंपाची घरघर. ही घरघर त्यांना ओळखीची वाटली आणि थोडा धीर आला.

"अब्बा? अम्मी बरी आहे ना?"

"अम्मी बरी हाय. इरम, ती भोकां मी बुजवलीत."

"कुठली भोकं?"

"ठोकळ्याची. बारीक चार. पाडली आनि परत बुजवली. त्याच पोलादाचे खिळे मारून. वरून दिसायची नाय तुला."

पलीकडे इरमनं कुणाला तरी जर्मनमध्ये थांबायला सांगितलं. 

"का, अब्बा?"

"भोक होता म्हणून." मग ते थांबले. एवढंच खरं नव्हतं, आणि इतक्या लांबून अर्धं सांगायला ते आले नव्हते. "ती कशाला हायत ता मना कळला नव्हता. तू सांगितलास तेव्हाच नाय कळला. विचारला असता तर तुला समजला असता की बापाला ड्रॉइंग वाचता येत नाय. म्हणून नाय विचारला."

"ठेवते, अब्बा," इरम म्हणाली आणि फोन बंद झाला.

ती रागावली की नाही, कारण तेच होतं की नव्हतं, पुढे काय झालं, काहीच समजायला मार्ग नव्हता. गुरुवार गेला. शुक्रवारी नमाजात त्यांचं लक्ष लागलं नाही आणि सलाम फिरवताना लक्षात आलं की आपण किती रकात, नमाजाच्या किती फेऱ्या, पढलो तेच आठवत नाही. दोनदा ते बूथपर्यंत जाऊन परत आले. तिच्या कामाच्या वेळेत आता आणखी लुडबुड नको असं वाटलं. ती रागावली असती तर बरं, असंही एकदा वाटलं. निदान काय ते कळलं तरी असतं. शनिवारी रावजींनी विचारलं, "मग, गळायचा थांबला काय?" हारुनभाई म्हणाले, "माहीत नाय." रावजींनी मान वर करून बघितलं. हे दोन शब्द त्यांनी हारुनभाईंच्या तोंडून आजवर ऐकले नव्हते.

रविवारी नेहमीच्या वेळेला फोन आला. सुरय्याबींनी बोलून रिसीव्हर पुढे केला.

कारण तेच होतं: स्क्रूंखाली कोंडलेली इवलीशी हवा आट्यांतून झिरपत राहायची, आणि तेवढीही त्या यंत्राला फार होती. बुधवारी दुपारीच त्यांनी पिंप उघडलं, इरमनं स्वतः भिंगाखाली ते चार खिळे शोधून ड्रिलनं काढले. शोधायला तास गेला, इतके ते बेमालूम होते. मग पुन्हा सगळं बंद करून, तापवून, हवा काढायला शुक्रवारची संध्याकाळ झाली. यंत्राचा दरवाजा उघडला तेव्हा पाच दिवसांतले अकरा तास उरले होते. अकरा तासांत जेवढं होतं तेवढं झालं. पुरेसं झालं नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा अर्ज करायचा. पुढची पाळी डिसेंबरात, मिळाली तर. प्रबंध एक वर्ष पुढं गेला."

"एक साल."

"हो."

"माझ्यामुळं."

इरमनं उगीच "नाही, नाही" केलं नाही. "हो, अब्बा, तुमच्यामुळं. आणि माझ्यामुळं. सोमवारीच आमच्यातल्या एकानं विचारलं होतं, या नव्या धारकात काही नसेल ना? मी म्हणाले, त्याच्याकडे बघायचं कारणच नाही, तो माझ्या वडिलांनी केलाय. मग कुणी बघितलं नाही. दोन दिवस सगळं यंत्र उलटंपालटं केलं आणि त्याला हात लावला नाही. मीसुद्धा इथं आल्यावर फक्त मापं घेतली. मापं एकदम बरोबर होती."

हारुनभाईंना एक वर्ष गेल्याचं जितकं लागलं नव्हतं तितकं हे लागलं. पोरीनं चारचौघांत त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. ते भिंतीला टेकून खाली बसले. फोनची वायर ताणली गेली. सुरय्याबी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"इरम," ते म्हणाले, "तू तिकडं नक्की काय करतंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे मना कधीच कळला नाय. पुण्याला गेलीस तेव्हाचा पण नाय. लोक विचारतात, मी कायपण सांगतंव. तू सांग."

फोनवर घाईनं बोलायचं असतं, पण इरमनं हळूहळू सुरुवात केली. तो जो पातळ थर आहे, तो थंड असताना वीज वाहू देत नाही आणि तापला की वाहू देतो. त्यावर आधी लेझरचा एक फटका मारायचा. त्या फटक्यानं आतले अणू जागचे सरकतात आणि इलेक्ट्रॉनही पळायला लागतात. दोन्ही होतं. पण आधी कोण?

"होडी कलंडते ना अब्बा, तेव्हा माणसं एका बाजूला गेलेली असतात. पण होडी कलंडली म्हणून माणसं गेली, की माणसं गेली म्हणून होडी कलंडली? किनाऱ्यावरून बघणाऱ्याला दोन्ही एकदमच झालेलं दिसतं. आमचा डोळा त्याहून लाखो पटीनं चपळ आहे, म्हणून आम्ही मधलं बघू शकतो. एवढंच करते मी. आधी कोण हललं ते बघते. कळलं?"

हारुनभाईंची मान हलली होती. फोनवर ती कुणाला दिसत नव्हती. त्यांनी ती थांबवली.

"होडीचा कळला," ते म्हणाले. "पण त्या थरात होडी कोण आनि माणसां कोण, ता नाय कळला. परत सांग."

पलीकडे इरमनं नाक ओढलं, खुर्ची पुढे सरकवल्याचा आवाज आला, आणि ती पहिल्यापासून सांगू लागली.